खुंट कोवळा, काडी जुनी

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने पुन्हा विद्यार्थी व्हायचं काढलं की घरात पहिला प्रश्न येतो, "पेन्शनमध्ये काही फरक पडणार आहे का?" पडणार नाही हे कळल्यावर आमच्या घरचा विरोध मावळला. मी साताऱ्यात कारकुनी करतो, सासुरवाडी तासगावकडची, आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या उद्यानविद्येच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं आहे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे या विद्यापीठाचं ब्रीद. 1989 साली ते नाशिकला सुरू झालं असलं, तरी ज्यांचं नाव त्याला आहे ते यशवंतराव देवराष्ट्र्याचे. 1913 साली ते जन्मले तेव्हा देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यात होतं. पुढे 1949 मध्ये दक्षिण सातारा निराळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे सासरची मंडळी सांगलीचा मोठेपणा सांगू लागली की मी शांत बसतो. मनातून ती सगळी सातारकरच.

वर्गात निम्मी डोकी पांढरी आहेत. उरलेली पोरं द्राक्षबागायतदारांची. त्यांना सगळं येतं, फक्त बँकेत दाखवायला कागद हवा असतो. आम्हा पांढऱ्यांना काहीच येत नाही, म्हणून प्रश्न आम्हीच विचारतो.

मध्यंतरी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात गेलो. 1962 चं हे विद्यापीठ कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांचं, तेव्हा बाग तिसऱ्या हिश्शाने आपलीच असा एक हक्क मनात होता. कॉलेजच्या पोरांचा घोळका पुढे, मागे मी. डॉ. एस. आर. यादव यांनी ज्यांच्यासाठी वर्षानुवर्षं रानं तुडवली ती कंदीलपुष्पं तिथे पाहायला मिळाली. सह्याद्रीत यांच्या कितीतरी जाती आहेत, आणि त्यातल्या काही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. गुराख्यांनी यांचे कंद उकरून खाल्ले, त्यामुळेही त्या विरळ झाल्या. विशाळगडावर सापडलेल्या एका नव्या जातीला 2023 साली शिवरायांचं नाव दिलं गेलं. फूल दिसायला देखणं, पण वागणं पोलीस ठाण्याचं. माशी नळीत शिरली की आतले खाली वळलेले केस तिला बाहेर येऊ देत नाहीत. परागकणांचं काम झालं, केस सुकले, की तिची जामिनावर सुटका. पोरं फोटो काढून पुढे गेली. मी बराच वेळ उभा होतो. एवढं निवांत उभं राहायला रजा शिल्लक असावी लागते, आणि ती माझ्याच वयाला असते.

पण या वयाला खरा धीर दिला तो कोय कलमाने. कोयीतून नुकतं फुटलेलं, तांबूस पानांचं, जेमतेम पंधरा दिवसांचं रोप घ्यायचं. त्याचा शेंडा उडवून मधोमध चीर द्यायची. फळणाऱ्या झाडाची तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायची. कोयीचा आंबा फळायला सात-आठ वर्षं तरी घेतो. कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोहोरतं. मी कारण विचारलं. सर म्हणाले, "काडी आधीच वयात आलेली असते. तिला फक्त नवीन मुळं मिळतात." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि घरी मोठ्याने वाचलं. बायको म्हणाली, "पण फळ धरायला काडी मुळात फळणाऱ्या झाडाची लागते ना?"

द्राक्षातही हेच चालतं. तासगाव-पलूसच्या पट्ट्यात जमिनीखाली डॉगरीजचा खुंट असतो, म्हणजे थेट अमेरिकेतल्या टेक्ससची रानवेल. तिची मुळं खारं पाणी आणि दुष्काळ सोसतात. वर काडी बसते ती आपल्या पसंतीची. त्यातली तास-ए-गणेश तर तासगाव तालुक्यातच निवडली गेली. टेक्ससच्या मुळांवर तासगावचा गणपती नांदतो आणि कुणाचीच तक्रार नसते.

मेव्हण्याच्या बागेत मी मोठ्या उमेदीने कात्री मागितली. तो म्हणाला, "दाजी, कात्री राहू दे. आधी डोळे मोजायला शिका." वेलीला दोन छाटण्या: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी. ऑक्टोबरला फुटणारा घड मात्र उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात तयार झालेला असतो. म्हणून बागायतदार छाटणीआधी काड्या तपासायला नेतात. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा चिरून आत घड आहे की नुसती बाळी, ते बघतात आणि मग कितव्या डोळ्यावर कापायचं ते ठरवतात. माझ्या पुस्तकात हे एका परिच्छेदात उरकलं आहे. मेव्हणा त्यावर सकाळपासून जेवणापर्यंत बोलला, आणि माझं मत विचाराल तर परीक्षा त्यानेच घ्यावी.

ऑक्टोबरात त्या बाजूने जाणं झालं तर गाडी थांबवून छाटणी बघा. बागायतदार आधी तुमच्या कपड्यांकडे बघेल, मग औषध कंपनीचे नाही ना, एवढंच विचारेल. नाही म्हणालात तर चहा नक्की मिळतो.