मुलूख कमी, मुखत्यारी जास्त

राज्य खिळखिळे होऊ लागले की राज्यप्रमुखाचे अधिकार वाढवावेत, हा उपाय राजनीतीच्या वैद्यांना फार प्राचीन काळापासून विदित आहे. परंतु मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी तो जितक्या निष्ठेने स्वतःवर करून घेतला, तितका क्वचितच कोणी करून घेतला असेल. ११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने सोव्हिएत संघाशी असलेले नाते संपल्याचे जाहीर केले, आणि अवघ्या चार दिवसांनी, जनतेचा कौल घेण्याची दगदग टाळून, लोकप्रतिनिधींच्या महासभेने त्यांना संघाच्या राष्ट्राध्यक्षपदाची वस्त्रे दिली. जूनमध्ये खुद्द रशियाने आपले कायदे संघाच्या कायद्यांहून श्रेष्ठ ठरविले. त्यावर सप्टेंबरात अध्यक्षांना फर्माने काढण्याची दीड वर्षाची खास मुखत्यारी बहाल झाली, आणि डिसेंबरात मंत्रिमंडळही त्यांच्या थेट हुकमतीखाली आले. फर्माने निघत राहिली. मात्र ज्यांनी त्यांची तामिली करावयाची, ती प्रजासत्ताके स्वतःचीच फर्माने काढण्यात गर्क होती. (१७८४ साली महादजी शिंद्यांनी निष्कांचन मोगल बादशहा शाहआलमकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकीची, म्हणजे बादशाही मुखत्यारीची, सनद मिळविली, तीही पोकळच म्हणावयाची, पण तिच्यामागे निदान महादजींची फौज उभी होती.)

माणसांची पारख हा नेतृत्वाचा मुख्य गुण. पहिल्या मतदानात नापसंत ठरलेल्या गेन्नादी यानायेव्ह यांना अध्यक्षांनी आग्रहपूर्वक पुन्हा मतास टाकून उपाध्यक्ष करविले, आणि ऑगस्ट १९९१मध्ये त्याच उपाध्यक्षांनी, अध्यक्षांची प्रकृती बरी नसल्याचे सांगून, त्यांचा कारभार आपल्या हाती घेतला. ते हात वार्ताहरांसमोर कापत होते, हे सर्व जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले. बंड तीन दिवसांत फसले. ८ डिसेंबरला बेलारूसच्या अरण्यात रशिया, युक्रेन आणि बेलारूस यांच्या प्रमुखांनी संघ निकालात काढला व ही वार्ता प्रथम अमेरिकेच्या अध्यक्षांना कळविली, कारण दरबारी शिष्टाचारात ज्येष्ठतेचा क्रम सांभाळावाच लागतो.

२५ डिसेंबरला पदत्यागाच्या कागदावर सही करावयाची वेळ आली तेव्हा सरकारी लेखणी चालेना, म्हणून सीएनएन या अमेरिकी वृत्तवाहिनीच्या प्रमुखाची लेखणी उसनी घ्यावी लागली. सप्टेंबरातल्या त्या खास मुखत्यारीची मुदत मात्र ३१ मार्च १९९२ पर्यंत होती; म्हणजे संघ संपला त्या दिवशी अध्यक्षांच्या खात्यावर तीन महिन्यांची फर्माने अद्याप शिल्लक होती.