टमाटर तुमचे, ओल आमची!

अहो, ऐकलंत का? मागच्या गल्लीतल्या वहिनींच्या गच्चीवरच्या त्या काळ्या कापडी पिशव्या... ग्रो बॅग हो! मार्चमध्ये काय तोरा होता बाप्पा! "प्लास्टिकच्या कुंडीत मुळं गोल गोल फिरून गुंततात, ह्यात नाही." आता ते खोटं नाही. मुळाचं टोक कापडाशी आलं की हवेनं सुकतं, मग आत नवी बारीक मुळं फुटतात. पण जिथून हवा खेळते तिथूनच पाणीही उडतं ना! आणि आपलं चंद्रपूर, मे महिन्यात पारा ४७ च्या घरात. सकाळी घातलेलं पाणी दुपारी गायब.

तर काय सांगत होते... हं, भरली काय, तर नुसती शेतातली काळी माती. वाळली की आक्रसते, कडेनं फट पडते. वहिनींनी पाइप सोडला की पाणी त्या फटीतून सरळ खाली. खालच्या काकू वर आल्या नि कमरेवर हात ठेवून म्हणतात, "वहिनी, टमाटर तुमचे, ओल आमची!" वहिनींचा चेहरा असा उतरला म्हणता, हातातला पाइप बंद करायचंही सुचेना. वजन वेगळंच. पंधरा इंची पिशवी ओल्या मातीनं भरली तर ५० किलोच्या घरात जाते, गच्चीनं किती सोसायचं?

आणि त्यांच्या जाऊबाई! "कापडीच ना, मी घरीच शिवते," म्हणून गोणपाटाच्या शिवल्या. अहो, ग्रो बॅगचं कापड तागाचं नसतं, प्लास्टिकच्या धाग्यांचं असतं, म्हणून टिकतं. हिची उचलायला गेली तर कुजलेलं बूड खाली नि कान हातात. मी तोंडाला पदर लावला, काय करणार...

शेवटी कोपऱ्यावरच्या आजींनीच सुनावलं. "मुंबईच्या पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनवर प्रीती पाटलांनी गच्चीवर बाग फुलवली, ती काय नुसत्या मातीवर? कोल्हापूरच्या दाभोलकर सरांची रीत ती. उसाची चिपाडं, पालापाचोळा, स्वैपाकघरातला कचरा. माती नावाला." आता चिपाडं आपल्याकडे कुठली? पण मूल गावच्या राइस मिलचं धानाचं तूस आहे की! माती, कुजलेलं शेणखत नि तूस, सारख्याच मापानं. हलकं होतं, पाणीही तुंबत नाही.

वहिनी गुपचूप तेच करताहेत बरं का. पिशव्या विटांवर, एकमेकींना चिकटून, वर हिरवी जाळी, पाणी दोन वेळा. सांबार, म्हणजे कोथिंबीर हो, नि पालक छान आलाय. टमाटर मात्र माकडांनी नेले, ते त्या सांगत नाहीत.

तुम्हाला घ्यायच्याच असतील तर उन्हाळ्यात नको, मृगाच्या तोंडावर घ्या. आणि कूलरमधलं जुनं गवत फेकू नका जी, मातीवर अंथरायला मला हवंय.