बँकेचाही हाच

दुर्गाघाटावरच्या भाऊकाकांच्या वाड्यात चोरी झाली आणि चोराने तांब्याचा बंब, पितळी समया, काकूंच्या पैठण्या यांतल्या कशालाही हात न लावता फक्त लॅपटॉप नेला, हे आमच्या गल्लीत अभिमानाने सांगितले जाते. चोरसुद्धा आता शिकलेले येऊ लागले, याचे काशीकरांना कौतुक.

वाड्याच्या बंदोबस्तात खोट काढायला जागा नव्हती. भिंती चुनारच्या दगडाच्या, हातभर जाड. दाराला अलीगढचे कुलूप, किल्ली काकांच्या जानव्याला. गच्ची, सज्जा, चौकाचे तोंड, सगळीकडे लोखंडी जाळी. ती माकडांसाठी बसवलेली, पण चोराने स्वतःला वेगळा समजण्याचे कारण नाही. गल्ली अशी की बसलेला सांड उठवल्याशिवाय दारापर्यंत पोहोचता येत नाही, आणि आमचा सांड कोणासाठी उठत नाही. लॅपटॉप तांदळाच्या कोठीत, सोवळ्याच्या मुकट्यात गुंडाळून. आणि लॅपटॉपच्या पोटाला एक पिवळी चिठ्ठी. चिठ्ठीवर पासवर्ड. खाली वेगळ्या शाईने, म्हणजे नंतर आठवून लिहिलेले: ‘बँकेचाही हाच.’

पासवर्ड लिहून ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. माणसाचे वय होते, विसर पडतो. पण दुसरी ओळ कोणासाठी? काकांना स्वतःला ती नको. बँकेचाही हाच आहे हे ज्याला माहीत आहे, तोच ती लिहू शकतो. काकूंना नको, त्या बँकेत पासबुक घेऊन जातात आणि छापून आणतात. मग उरला कोण? ती ओळ सरळसरळ पाहुण्यासाठी आहे. घरी आलेल्या माणसाची अडचण होऊ नये, एवढ्या लांबून, जाळ्या कापून आला आहे, तर पुढच्या पायरीवर अडून बसू नये, हा संस्कार. ‘पाणी माठात आहे, पेला उजवीकडे’ म्हणावे तसे ‘बँकेचाही हाच’. बरे, पासवर्ड तरी काय? कुलस्वामिनीचे नाव आणि पुढे १२३. घरफोडी करणारा माणूस देवघरासमोर दोन मिनिटे उभा राहिला असता तर चिठ्ठीचीही गरज नव्हती. मी काकांना तसे म्हणालो. ते म्हणाले, “अरे, देवीचं नाव लावलंय, चोराचं धाडस नको का व्हायला?”

धाडस झाले. शिवाय बॅकअपही गेला. पुण्याच्या नातवाने हौसेने एक बाहेरची डिस्क घेऊन दिली होती, दर महिन्याला सगळी प्रत त्यात घ्यायची म्हणून. काकांनी ती इमानाने घेतली आणि डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत, चार्जरच्या कप्प्यात ठेवली. हरवू नये म्हणून.

आता थोडे विज्ञान. चिठ्ठी नसती तरी फार बिघडले नसते, चोराचे. चालू करताना विचारला जातो तो पासवर्ड फक्त पुढच्या दाराचा. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की ‘महत्त्वाचे’ आणि त्याच्या पोटातले ‘फार महत्त्वाचे’ ही दोन्ही फोल्डरे उघडी. वाड्याच्या भाडेकरूंशी चाललेल्या दाव्याचे कागद, पॅन, सातबारा, तीन पिढ्यांच्या पत्रिका, सगळे. ते टाळायचे तर डिस्कच कूटबद्ध करावी लागते. त्यासाठी विंडोजमध्ये बिटलॉकर आहे. गंमत पुढे आहे. विंडोजच्या ज्या आवृत्तीचे नावच ‘होम’, तिच्यात हा बिटलॉकर पुरता मिळत नाही. काही यंत्रांवर त्याचा धाकटा भाऊ तेवढा असतो. पुरता हवा तर ‘प्रो’ विकत घ्या. म्हणजे घरफोडी व्हायची घरात आणि कुलूप मिळायचे ऑफिसला. बिटलॉकर अडला तर उघडायला ४८ आकडी किल्ली लागते. ती काकांनी कुठे लिहिली असती, हे सांगायला नको. चिठ्ठी जरा मोठी लागली असती एवढेच.

तक्रार नोंदवली गेली. ‘एक अदद लैपटॉप, रंग काला, पुराना.’ आत काय होते ते कोणी विचारले नाही, आणि काकांनीही चार्जर नवा होता हे दोनदा सांगितले. मोबाइल गेला तर त्याचा १५ आकडी आयएमईआय देऊन तो देशभर बंद पाडता येतो. लॅपटॉपला सिम नसेल तर आयएमईआय नाही. त्याच्या तळाशी एक सिरियल नंबर असतो, आणि काकांच्या लॅपटॉपवर तो नेमका चिठ्ठीखाली झाकला गेला होता. राहत्या घरातली चोरी न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत. बंबाला तीच, समईला तीच, आणि तीन पिढ्यांच्या कागदांनाही तीच.

बरे, पासवर्ड बदलायला बसलो तर यंत्राने सुरक्षेचा प्रश्न टाकला: आईचे माहेरचे आडनाव काय? हा प्रश्न ज्याने शोधला त्याने मराठी घरात पाऊल ठेवलेले नाही. आमच्याकडे ओळख झाल्याबरोबर पहिला प्रश्न ‘तुम्ही कुठले’ आणि दुसरा ‘आजोळ कुठलं’. मुंजीच्या पत्रिकेत आजोळचे आडनाव, मामाचे नाव, गाव, सगळे छापून तीनशे घरी वाटलेले असते. माझ्या आईचे माहेर मला आठवले नाही तर ब्रह्मघाटावरचा दूधवाला सांगेल.

खरी सुरक्षा पाहायची तर क्षेत्रोपाध्यांच्या वहीत पाहा. लाल बासनात बांधलेली, बोरूने लिहिलेली. कोणाचा पणजोबा कोणत्या गावाहून आला, बरोबर कोण होते, कोणाचे श्राद्ध केले, खाली त्याची स्वतःची सही. यापेक्षा खासगी माहिती कुठल्या सर्व्हरवर नसेल. ती उघडायला गाव सांगा, आडनाव सांगा, गोत्र सांगा, आजोबांचे नाव सांगा. चारही जुळले तर बासन सुटते, नाहीतर दक्षिणा घेऊन तीर्थ मिळते. दुहेरी पडताळणीचे कौतुक आम्हाला कोणी सांगू नये, आमच्याकडे चौपदरी होती. आणि कोणत्याही उपाध्याने वहीच्या पाठीवर ‘शेजारच्या घराण्याचे गोत्रही हेच’ असे लिहिलेले नाही.

माकडांचे एक बरे. २०१५ साली याच घाटांवर टाकलेल्या ऑप्टिकल फायबरच्या तारा त्यांनी चावून टाकल्या. डेटा चोरणे, साठवणे, विकणे असल्या भानगडीत माकड पडत नाही. थेट खाते.

आणि चोराला वाडा रिकामा आहे हे कळले कसे, यावर गल्लीत अजून चर्चा चालते. काकांनी स्टेटसला ‘महानगरीत बसलो, पुतण्याची मुंज, आता भेट पंधरवड्याने’ लिहून तिकिटाचा फोटो टाकला होता, पीएनआरसह. त्यावर चौऱ्याण्णव लोकांनी ‘शुभ प्रवास’ लिहिले. त्यातला एक मनापासून म्हणत असावा.

हे सगळे हसण्यावारी नेता येते. मला राग वेगळ्याचा येतो, आणि तो चोराचा नाही. चोराने निदान जाळी कापली, सांड ओलांडला, रात्र जागून काढली. माहितीसाठी घाम गाळणारा या शहरात तो एकटाच. बाकी सगळे ती काउंटरवर बसून मागतात आणि आपण रांगेत उभे राहून देतो. काशीला येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला विचारा. लॉजवर आधारची झेरॉक्स, दोन प्रती, प्रत्येकाची, कडेवरच्या पोराचीसुद्धा. ‘मूळ पाहून घ्या’ म्हटले तर मॅनेजर असा बघतो, जणू आपणच घरफोडी करून पळून आलो आहोत. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या यंत्रात एक वाकडी आलेली प्रत, ती तो टोपलीत टाकतो. लॉजमधले गठ्ठे जिन्याखाली, वर गाद्या. दिवाळीच्या सफाईत गठ्ठे रद्दीत, रद्दी भडभुंज्याकडे. अस्सीवर एका संध्याकाळी मी चणे घेतले आणि पुडीतून एका आजींनी माझ्याकडे पाहिले. नाव, जन्मसाल, पत्ता, बाराच्या बारा आकडे, किंचित तेलकट. आजी परभणी जिल्ह्यातल्या. गंगेत पाप धुवायला आल्या आणि आपली ओळख चण्यांना बांधून गेल्या. खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, दंड २५० कोटींपर्यंत, हे मी भडभुंज्याला सांगितले नाही. मॅनेजरला सांगितले. तो बनारसी असल्यामुळे शांतपणे पान लावत राहिला, आणि त्याचे चुकत नव्हते: तो कायदा डिजिटल माहितीचा. कागद जोवर कोणी संगणकात चढवत नाही, तोवर तो कायद्याबाहेर. आजींचा मान राखायचा तर आधी कोणीतरी त्यांना स्कॅन करायला हवे.

तेव्हा वाचकहो, या कार्तिकात काशीला येणार असाल तर येताना पहिले आठ आकडे झाकलेले ‘मास्क्ड’ आधार डाउनलोड करून आणा, त्याची झेरॉक्स द्या, आणि तिच्यावर लॉजचे नाव, तारीख आणि ‘फक्त मुक्कामासाठी’ असे आडवे, ठळक लिहा. मॅनेजर नाही म्हणाला तर भांडा. मराठीत भांडलात तरी चालेल, दुर्गाघाटापर्यंत कळते.