दोनशे वॅटचं लोकार्पण

चौकात हायमास्ट उभा राहिला की लोकार्पण सोहळा होतो. बटण साहेब दाबतात, टाळ्या कार्यकर्ते वाजवतात आणि सगळा चौक मान वर करून दिव्याकडे बघत राहतो. डोळे दिपले की काम चांगलं झालं, असं समजायची आपली रीत आहे. खाली रस्त्याकडे कोणी बघत नाही. बघितलं तर त्याचंही लोकार्पण मागावं लागेल.

मग गर्दीतून एकच प्रश्न येतो, ‘किती वॅटचा?’ साहेब छाती फुगवून सांगतात, ‘दोनशेचा!’ आता वॅट हा बिलाचा आकडा. दिवा किती वीज खातो एवढंच तो सांगतो. वॅटवरून उजेड ठरवायचा, तर पंगतीत किती सिलिंडर संपले यावरून श्रीखंडाची चवही ठरवावी. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ८०० ल्युमेन द्यायचा. तेवढंच काम एलईडी आठ-नऊ वॅटमध्ये उरकतो. तेव्हा दोनशेचा आकडा ऐकून टाळी वाजवायची की कपाळावर हात मारायचा, हे एका वॅटमागे किती ल्युमेन मिळतात त्यावर ठरावं. पण हा प्रश्न लोकार्पणात विचारणारा माणूस विरोधी पक्षाचा समजला जातो.

ल्युमेन दिव्यातून निघतात. त्यातले रस्त्यावर किती उतरले ते लक्स सांगतो. निघालेलं आणि पोचलेलं यांतला फरक मराठी माणसाला वेगळा शिकवायला नको, सरकारी योजनांनी ते शिक्षण मोफत दिलंय. आयएस १९४४ या भारतीय मानकात वर्दळीच्या हमरस्त्याला सरासरी ३० लक्स आणि कमी वर्दळीच्या दुय्यम रस्त्याला ४ लक्स सांगितले आहेत. हे आकडे टेंडरमध्ये ठळक छापतात. शेजारचा रकाना कोणी वाचत नाही. हमरस्त्यावरच्या सर्वांत अंधाऱ्या जागीही सरासरीच्या निदान ४० टक्के उजेड हवा, असं तिथे म्हटलंय. खांबाखाली लख्ख आणि मध्ये काळोख असला तरी सरासरी छान भरते. खड्डा मात्र सरासरीत राहत नाही, तो दोन खांबांच्या मधोमध राहतो.

केल्विनचं प्रकरण त्याहून नाजूक, कारण तिथे राजकारण आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात आणि आकडा जितका चढा तितका उजेड ‘थंड’. ३००० केल्विन उबदार पिवळसर, ६५०० केल्विन थंडगार निळसर पांढरा. हे उलटं गणित २०१५ साली मुंबईला एकदम कळलं. ‘राणीचा हार’ म्हणून मिरवणाऱ्या मरीन ड्राइव्हचे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले आणि राणीच्या गळ्यातला सोन्याचा हार रातोरात स्टीलचा झाला. केवढा गहजब! एक पक्ष विजेची बचत सांगतोय, दुसरा मुंबईची शान सांगतोय. शेवटी पिवळसर छटेचे एलईडी आणून हार सोडवून घेतला. खड्ड्यांवरून मुंबईकर इतके कळवळून भांडल्याचं मला आठवत नाही.

गंमत अशी की त्या लाडक्या सोडियमचा सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग खरे दाखवण्याची ऐपत, १०० पैकी २५च्या आसपास. त्या उजेडात लाल गाडी आणि तपकिरी गाडी सख्ख्या बहिणी वाटायच्या. इतक्या गुणांना शाळेत नापास म्हणतात, मरीन ड्राइव्हवर रोमँटिक.

पावसाळा आला की आयपीची आठवण होते. क्रिकेटची नव्हे. दिव्यावरच्या ‘आयपी’पुढचा पहिला आकडा धुळीपासून बचावाचा, दुसरा पाण्यापासून. आयपी ६५ला पाण्याचा फवारा चालतो, तर आयपी ६७चा दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. ही कसोटी ज्यांनी लिहिली त्यांनी मुंबईतलं जुलैत तुंबलेलं हिंदमाता पाहिलेलं नसावं. तिथल्या पाण्याला अर्ध्या तासाचं बंधन कोण सांगणार? आयके हा मारामारीचा आकडा. आयके १० म्हणजे २० ज्यूलचा तडाखा सोसणारा दिवा. हिशेब केला तर १०० ग्रॅमचा दगड सेकंदाला २० मीटर वेगानं आला की नेमके २० ज्यूल होतात. गल्लीतल्या पोरांनी प्रयोगशाळेचं काम कधीच सुरू केलंय.

आणि मग ते प्रसिद्ध ‘आयुष्य ५०,००० तास’. रोज रात्री बारा तास धरले तर अकरा वर्षं, म्हणजे दोन निवडणुका होऊन वर थोडं उरतं. शेजारी बारीक अक्षरात एल ७० लिहिलेलं असतं. तेवढ्या तासांनी उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर आलेला असेल, अशी ती कबुली. तीही एलईडीपुरती. आत बसवलेला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, बहुतेक वेळा त्याच्या आधीच मान टाकतो, आणि त्याची वॉरंटी विचारली की ठेकेदाराला दुसऱ्या साइटवर जायचं असतं.

राहिला बीयूजी. उजेड दिव्याच्या मागे किती सांडतो, वर आभाळात किती जातो आणि डोळ्यांत किती खुपतो, या तिन्हींची ही प्रतवारी. तिन्ही आकडे कमी तेवढे चांगले. आपल्याकडे मागचा उजेड पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये पडतो आणि डोळ्यांत खुपणाऱ्यालाच पॉवरफुल म्हणतात. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून खाली तोंड केलेले बसवले. तिथे आता मान वर केली तर तारे दिसतात. आमच्या चौकासाठी असाच दिवा कोणीतरी सुचवून पाहिला. वायरमनपासून माजी उपसरपंचांपर्यंत सगळ्यांना कल्पना पटली. अडलं ते एकाच मुद्द्यावर: सगळा उजेड खाली रस्त्यावरच पडला, तर साहेबांच्या फ्लेक्सवर कोणता पडणार?