आमच्या ओसरीतल्या तुमच्या टॉवरचं भाडं

मु. पो. पोहरादेवी, ता. मानोरा, जि. वाशीम

प्रति,
मा. नेटवर्क विभागप्रमुख,
एक मोबाईल कंपनी (नाव लिहीत नाही. ज्याचं त्याला कळेल.)

विषय : आमच्या ओसरीत चालू असलेल्या आपल्या टॉवरचं थकीत भाडं मिळण्याबाबत.

महोदय,

जय सेवालाल.

आधी अभिनंदन करतो, मग पैशाचं बोलू. घरात रेंज येत नाही म्हणून मी तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. तो करायलासुद्धा रस्त्याच्या कडेला जाऊन उभं राहावं लागलं, पण ते असो. तुमच्या पोरानं फार गोड आवाजात विचारलं, "सर, घरी वाय-फाय आहे का?" आहे म्हटलं. "मग सर, सेटिंगमध्ये जाऊन वाय-फाय कॉलिंग ऑन करा. प्रॉब्लेम सॉल्व्ह!" अहो, केवढी ही हुशारी! नेटवर्क तुमचं नाही, म्हणून आम्ही आमचं वापरायचं आणि रिचार्ज मात्र तुमचं मारायचं. आयत्या बिळावर नागोबा आजवर ऐकून होतो. बीळ खोदणाऱ्याकडूनच महिन्याच्या महिन्याला वर्गणी घेणारा नागोबा पहिल्यांदा पाहिला.

तुम्ही सांगितलं तसं मी केलं. सिमच्या सेटिंगमधलं ते बटण सरकवलं आणि वर कोपऱ्यात फोनच्या चिन्हाशेजारी वाय-फायचं छोटंसं चिन्ह उमटलं. फोन लागला. आवाज असा स्वच्छ की पुण्याचा माणूस ओट्यावर बसून बोलतोय असं वाटावं. खोटं कशाला बोलू, तंत्र नामी आहे. वेगळं अ‍ॅप नको, वेगळा नंबर नको, समोरच्याला पत्ताही लागत नाही. माझा आवाज आमच्या राऊटरमधून केबलवाल्याच्या वायरीवर चढतो, इंटरनेटवरून कुलूपबंद वाटेनं तुमच्या दारापर्यंत जातो आणि तिथून पुढं नेहमीचा कॉल होतो. म्हणजे गावातलं, शिवारातलं, डोंगराआडचं सगळं अवघड अंतर तो आमच्या पैशानं कापतो, आणि मग तुम्ही त्याला आत घेता. वर जाहिरातीत लिहिता, 'कोणतंही जादा शुल्क नाही'. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं तर तुम्हीच.

आणि या मोफत सेवेची अट काय? रिचार्ज चालू पाहिजे. पॅक संपला की वायर आमची, राऊटर आमचा, वीज आमची, पण फोन मुका.

महोदय, हे पत्र पोहरादेवीहून आलंय, म्हणून थोडा इतिहास सांगतो. आमचे बंजारा पूर्वज लदेणीचा धंदा करत. बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादायचं आणि मुलूखच्या मुलूख तुडवायचे. फौजांनासुद्धा त्यांनी रसद पोचवली. माल पोचवणाऱ्याला मोबदला मिळतो एवढं त्या काळी राजाला कळत होतं आणि बाजारातल्या वाण्यालाही. 'माल आमचा, पण बैल तुमचे, चारा तुमचा, आणि हमालीही तुम्हीच आम्हाला द्या' असा करार तांड्याच्या कुठल्याही नायकापुढं कोणी ठेवला नाही. ठेवला असता तर बैलांनीसुद्धा माना हलवून नाही म्हटलं असतं. तो करार तुम्ही आमच्याकडून एका बटणावर करून घेतला.

ही सोय देशात नवी नाही, हे मला माहीत आहे. इंटरनेटवरून थेट फोन नंबरवर बोलायची वाट सरकारनं २०१८ मध्ये मोकळी केली. डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलनं दिल्लीपासून वाय-फाय कॉलिंग सुरू केलं, जानेवारी २०२० मध्ये जिओनं. दिल्लीत ते ठीकच आहे. तळघरातलं ऑफिस, विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट, काचेच्या भिंती. दारात टॉवर असूनही आत आवाज पोचत नाही, तिथं हा जोड म्हणून बरा. पण जोड द्यायला आधी मूळ कापड लागतं. आमच्याकडं तुम्ही नुसतं ठिगळच दिलंत.

त्या ठिगळाची गंमत पाहायची असेल तर आमच्या ओसरीत या. शेजारच्या तांड्यातली एक याडी, म्हणजे आई, पोराशी बोलायला आमच्याकडं येते. पोरगा पुण्याला बांधकामावर. त्याचाच जुना स्मार्टफोन तिच्याकडं आहे. पासवर्ड कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून आम्ही तो खांबावर खडूनं लिहून ठेवलाय. याडी त्या खांबाला टेकून बसते आणि बोलते. एके दिवशी बोलणं ऐन रंगात आलं असताना शेळी वाळवणात शिरली. याडी फोन कानाला तसाच धरून उठली, हाकलत हाकलत फाटकापर्यंत गेली आणि 'हॅलो, हॅलो' करत तिथंच उभी राहिली. तुमच्या कागदावर याचंही उत्तर आहे म्हणे : वाय-फाय क्षीण झालं की कॉल आपोआप ४जीवर जातो. जातो ना! पण फाटकाशी ४जी पाहिजे. इथं वाय-फाय सुटलं आणि पुढं धरायला काही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं. शेळीनं मात्र वाळवण खाल्लं.

आता लाईन जाण्याबद्दल. आमच्याकडं लाईन जाते, हे तुम्हाला नवीन नसावं. टॉवरला बॅटरी असते, जनरेटर असतो. आमचा राऊटर देवळीत गणपतीशेजारी असतो आणि त्याचा भार गणपतीवर. लाईन गेली की राऊटरचा हिरवा दिवा विझतो आणि त्याबरोबर पुणे, मुंबई, अख्खं जग विझतं. परवा जेसीबीनं रस्त्याकडेची वायर तोडली. आता केबलवाल्याला कळवायचं कसं? फोन करून. फोन कशावर? त्याच वायरीवर. शेवटी पोराला सायकलवर पाठवलं. लदेणीचा धंदा असा अजून जिवंत आहे.

रामनवमीचं तर विचारूच नका. सेवालाल महाराजांच्या समाधीला आणि जगदंबेला महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटकातून लाखो माणसं येतात. त्या गर्दीत टॉवरचा जीव आधीच घशाशी आलेला असतो. अशात आमच्या खांबावरचा पासवर्ड कोणीतरी वाचला, त्यानं सोबतच्यांना सांगितला, सोबतच्यांनी जत्थ्याला. ओसरीबाहेर ही गर्दी! दर्शनाच्या रांगेतही एवढी शिस्त नसते. राऊटर हात जोडून बसला. त्यापेक्षा आमचा नंगारा, म्हणजे नगारा, बरा. याच पोहरादेवीत ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन केलं. नंगाऱ्यावर त्यांनी टिपरूही मारलं. नंगारा वाजला की माणसं गोळा होतात. त्याला रिचार्ज लागत नाही, पासवर्ड लागत नाही, आणि आवाज फाटकाशी तुटत नाही. तुमच्या अभियंत्यांनी एकदा येऊन तो जरूर पाहावा.

त्याच दिवशी वाशीमहून पीएम-किसानचा अठरावा हप्ता सुटला. हप्ता खात्यात यायला ई-केवायसी लागतं, ते ओटीपीनं करायचं तर ओटीपी तुमच्या मर्जीनं येतो. वाय-फायवर आमचा फोन लागतो, ओटीपी कधी येतो, कधी येत नाही. आला तर असा येतो की वेळ संपून गेलेली असते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्यामुळं हप्त्यासाठी आमचे शेतकरी हातात मोबाईल उंच धरून बांधावर फिरताना दिसतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, आरती चाललीय.

तुमच्या नकाशावर मात्र आमचं सगळं छान आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे तुम्हाला कुठं किती नेटवर्क आहे, याचा नकाशा संकेतस्थळावर टाकावा लागतो. तो मी पाहिला, अर्थात आमच्याच वाय-फायवर. आमचं घर, अंगण, फाटक, सगळं रंगवलेलं! एवढा रंग आम्ही दिवाळीलाही देत नाही. त्याच नियमांत भरपाईचीही तरतूद आहे, पण ती जिल्हाभर सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद पडली तर. एका ओसरीचं मुकेपण जिल्ह्यात धरत नाहीत.

त्याआधी ट्रायनं कॉल तुटला की ग्राहकाला १ रुपया द्या, दिवसाला जास्तीत जास्त ३, असा नियम केला होता. १ जानेवारी २०१६ पासून तो लागू होणार होता. तुम्ही सगळे मिळून कोर्टात गेलात. कॉल तुटण्यात ग्राहकाचाही दोष असतो, असं तुमचं म्हणणं. ११ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. न्यायालयाचा आदर आहे. शेळीमागं धावणं हा ग्राहकाचाच दोष, हे याडीलाही मी समजावून सांगितलं आहे.

तुम्ही म्हणाल, तांड्या-वस्त्यांवर टॉवर परवडत नाही. म्हणूनच तर २००२ पासून तुमच्या उत्पन्नातला एक वाटा खेड्यांसाठीच्या निधीत जातो. आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. तो वाटा अखेर आमच्याच रिचार्जमधून निघतो. म्हणजे टॉवरचे पैसे आम्ही एकदा देऊन झालो आहोत. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेही दिले. आता ओसरीत टॉवरही आम्हीच चालवतोय. तुमच्याकडं नेमकं काय उरलं? कॉलरट्यून?

तेव्हा हिशोब मांडतो.

१. ओसरी, देवळी आणि खडूचा खांब यांचं जागाभाडं.
२. राऊटर, वायर आणि केबलवाल्याचं बिल.
३. राऊटरची वीज, दिवसरात्र.
४. देखभाल : सायकलवरचा पोरगा. शिवाय रामनवमीला जादा माणूस.
५. नुकसानभरपाई : एक वाळवण.

आकडे तुमच्याच दरपत्रकाच्या धर्तीवर ठरवू, म्हणजे ठळक अक्षरात कमी आणि बारीक अक्षरात जास्त. अटीही तुमच्याच ठेवल्या आहेत. महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला १३ बिलं. निदान एक तरी पॅक ३० दिवसांचा ठेवा, हे तुम्हाला सांगायला ट्रायला २०२२ साल उजाडलं. मला सांगायला तुम्हीही तेवढाच वेळ घ्या. भाडं आगाऊ. मुदत संपली की आधी तुमचं आउटगोइंग बंद करू, इनकमिंग थोडे दिवस चालू ठेवू, आणि रोज ऐन जेवणाच्या वेळेला आठवणीचा मेसेज पाठवू.

या बिलाबाबत काही तक्रार असल्यास वरील पत्त्यावर समक्ष यावं. फोन करू नये. लागणार नाही.

आपला विश्वासू,
ग्राहक (आणि सध्या टॉवरमालक)