संध्याकाळी उगवणारा मालक

धुळे-सोलापूर महामार्गावरच्या गेवराईसारख्या गावात मोकाट जनावराला मालक असतो, फक्त तो वेळ बघून असतो. धारेच्या वेळी तो दावं घेऊन हजर. तीच गाय अंधारात डांबरावर बसली आणि दुचाकीवाल्याचा पाय मोडला, की ती तात्काळ गोमाता होते आणि जबाबदारी अवघ्या समाजाची. कायदा मात्र इतका भाविक नाही. १८७१ चा कायदा पिकात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालायला सांगतो. मालक दंड भरून सोडवत नसेल तर लिलाव. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात, जनावरापासून माणसाला धोका होईल असा हलगर्जीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच महामार्गावरची गुरं हटवा म्हणावं लागलं.

यावर कुणी म्हणेल, २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी. थकलेला बैल विकायचा कुणाला? त्यात दुष्काळात कडबा महाग, आणि अर्धं घर ऊसतोडीला. हे खरं आहे, आणि थकलेल्या जनावरांची सोय न करता बंदी आणणाऱ्या सरकारनेच त्याचं उत्तर द्यावं. पण दुभत्या गायीलाही मोकाट सोडायची हीच सवलत कशी? तिच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो, त्याला मालकाचं नाव जोडलेलं असतं. नगरपरिषदेने तो वाचावा.