तेल पुसलं का?

वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी साताऱ्याच्या पेपरात आली, की पाचगणीत दोन गोष्टी हमखास घडतात. पुण्या-मुंबईच्या गाड्या पसरणी घाटात खोळंबतात आणि आमचे सुभेदार तो पेपर माझ्यासमोर आपटतात.

"याला थंडी म्हणत्यात व्हय, सर?"

असा एक सुभेदार तुमच्याही गल्लीत असणारच. आम्ही माकडटोप्यांतून नुसते डोळे बाहेर काढून फिरत असतो, आणि हा गृहस्थ सकाळी सहाला बंडीवर झाडांना पाणी घालतो. वर आपल्याकडे कीव आल्यासारखं बघतो. सातारा जिल्ह्यात फौजी काही दुर्मीळ नाहीत. अपशिंग्याच्या तर नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे. पण आमचे सुभेदार बंदूक चालवणाऱ्यांतले नव्हेत, ती चालती ठेवणाऱ्यांतले. ईएमईचे आर्मरर. सियाचीनवर ऑपरेशन मेघदूत सुरू झालं १३ एप्रिल १९८४ ला. त्यानंतर काही वर्षांनी सुभेदार एका पलटणीबरोबर वर गेले, आणि माझ्या मते ते अजून पुरते खाली आलेले नाहीत.

त्यांचा जीव अडकलाय साहेबलोकांच्या ९ एमएम पिस्तुलात. ब्राउनिंगच्या वळणाचं, ईशापूरच्या कारखान्यात घडलेलं, मॅगझीनमध्ये १३ गोळ्या. एकदा मी चुकून विचारलं, "थंडीत ते अडतं म्हणजे नेमकं काय होतं?" ही चूक मी गेली नऊ वर्षं फेडतो आहे.

त्यांनी माझी काडेपेटी उचलली. काड्या माझ्या चहाच्या बशीत ओतल्या. "हे आतलं खोकं म्हंजी स्लाइड. गोळी सुटली की ही जोरात मागं येती, रिकामं काडतूस बाहेर फेकती, घोडा चढवती. मग स्प्रिंग तिला पुढं ढकलती, आन् जाताना ती मॅगझीनमधली नवी गोळी उचलून नळीत घालती. सगळा खेळ मोजून दिलेल्या जोराचा. आता बघा." आणि त्यांनी हिच्या बरणीतला स्ट्रॉबेरीचा जाम चमच्याने काढून खोक्याच्या दोन्ही कडांना फासला. "हे उणे चाळिसातलं तेल!" खोकं अर्ध्यात रुतलं. सुभेदार विजयी. आमची काडेपेटी, चहा आणि जाम, तिन्ही शहीद.

तेव्हापासून ते भेटले की 'नमस्कार' नाही, 'कसं काय' नाही. "तेल पुसलं का?"

फाटक करकरलं म्हणून मी बिजागरीत तेल सोडलं, "पुसलं का?" स्कूटरची चेन, शिलाई मशीन, कुलूप, सगळ्यांची हीच चौकशी. कुलपाला तर तेल वर्ज्यच. तिथे कोरडं ग्राफाइट. त्यासाठी ते माझ्याकडून पेन्सिली नेतात आणि किल्लीच्या दातांवर शिसं घासतात. निवृत्त मास्तराच्या घरात आता लिहायला पेन्सिल नाही, मात्र सगळी कुलपं लोण्यासारखी उघडतात. खिशात कायम कापडाच्या चिंद्या. चिंदी ४ इंच बाय २ इंचच हवी. नळी पुसायचं हेच माप. हिचं जुनं पातळ त्यांनी पट्टी लावून कापलं होतं. एकदा मिसळ पुढे आली तेव्हा तर्रीकडे बघत म्हणाले, "वैनी, एवढं तेल वर चाललं नसतं." मग पावाने ती तर्री पुसून पुसून सगळी संपवली.

इतिहासही तेलातूनच. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वेशीवर जर्मनांच्या मशीनगन आखडल्या, का? तेल! हे खरंही आहे. पण १८१२ चा नेपोलियनही ते त्यातच घालतात. त्याच्या बंदुका वेगळ्या होत्या, असं मी म्हणालो तर म्हणाले, "चाकांना वंगण असंल की!"

दुसरं कलम याहून जाचक. गारठलेलं लोखंड उबेत आणलं की त्याला घाम फुटतो, आणि ते परत बाहेर नेलं की त्याच घामाचा आत बर्फ होतो. म्हणून माणूस तंबूत, हत्यार बाहेर. पटण्यासारखं आहे. पण पाचगणीत पारा दहा-बारा अंशांवर आला की सुभेदार आपला ट्रान्झिस्टर रात्री गडग्यावर ठेवतात, त्याला काय म्हणावं? आजवर दोन ट्रान्झिस्टर माकडांनी नेले. सुभेदारीणकाकू एवढंच म्हणतात, "माझं नशीब, मी लोखंडाची न्हाई."

गेल्या जानेवारीत एका संध्याकाळी वीज गेली होती. धुकं खिडकीतून आत येत होतं. ही अंधारात चहा टाकायला उठली, पण लायटर पेटेना. टक्. टक्. टक्.

सुभेदार बोलता बोलता थांबले. हे मी प्रथमच पाहत होतो.

"असाच आवाज," ते म्हणाले. "पोस्टवर सकाळी टेस्ट फायर. कॅप्टनसाहेबांनी घोडा दाबला. टक्. गोळी न्हाई. मी खोललं. पिनच्या भोकात तेलाचा एक थेंब जास्त झालेला. माझ्याच हातचा. गोठून रबडी झाल्याली. पिन पुढं जाती, पर तिच्यात ठोका न्हाई."

"मग?"

"साहेब हसले. म्हणाले, बरं झालं, समोर फक्त बर्फ होता." ते चष्मा पुसू लागले. चिंदीनेच. "म्हैन्याभरानं ते पुढच्या पोस्टवर निघाले. पिस्तूल माझ्याकडनंच घेतलं. दुसरं मागितलं असतं तर बरं वाटलं असतं. मी सात बार पुसून दिलं."

मला पुढचं विचारवेना. हिनेच विचारलं.

"आले की परत! धडधाकट. पुण्यात असत्यात. दिवाळीला फोन करत्यात." मग जरा वेळाने, "त्यांना ते आठवत बी न्हाई, वैनी. मी विचारलं एकदा."

त्यांनी लायटर मागून घेतला, टोकाशी चिंदी घालून पिळून पिळून पुसला आणि स्वतः जाऊन गॅसजवळ धरला. निळी ज्योत भप्पकन उठली. चहा झाला. कोणी फारसं बोललं नाही. जाताना सुभेदारांनी लायटर सवयीने खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवला आणि धुक्यात बंडीवरच निघून गेले.

ही तो आत घ्यायला उठली. मी म्हटलं, राहू दे.